सगळ्यांना वाढून होईपर्यंत

९ जानेवारी १९२७, रविवार. शेलूबाजार

मिशनच्या शाळेचे अमरसिंग मास्तर काल वाशीमला गेले होते. आज उपासनेनंतर त्यांनी आमचे वरिष्ठ हार्पर साहेब यांचं पत्र माझ्या हातात ठेवलं. पत्र चार ओळींचं, मी सात वेळा वाचलं. २९ मार्चला वाशीमला सगळ्या पाळकांची सभा आहे. तिथे मी निबंध वाचायचा: ‘शास्त्रातले पुढारी आणि आजचा पाळक’. खाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, “विभाग आता तुमच्यातल्या एकाच्या हाती द्यावा, असा माझा विचार आहे. निबंध मन लावून लिहा.”

विभाग म्हणजे सोळा गावं. शिवाय वाशीमला विटांचं घर, पन्नास पावलांवर दवाखाना. आजवर ती जागा साहेबलोकांचीच. आपल्यातला पहिला माणूस मी का नसावा? हे वाक्य लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. वही माझी, कुलूप माझं. इथे नम्रपणाचं सोंग कोणासाठी आणायचं?

इथे येऊन मला तीन महिने झाले. अकरा घरांची मंडळी: नऊ गावकुसाबाहेरची, दोन बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. माझ्याआधी पंधरा वर्षं इथे पाळकच नव्हता. पुंजाजी नावाचा म्हातारा सगळं पाहायचा, म्हणून लोक त्याला ‘वडील’ म्हणतात. त्याला अक्षर ओळखीचं नाही. बायबल उघडतो, ओळीवर बोट ठेवतो आणि पाठ असलेलं म्हणतो. बोट भलत्याच पानावर असतं. लोक माना डोलावतात. माझं प्रवचन चालू असताना त्यातलेच चार जण पेंगतात.

गोमतीला पत्र दाखवलं. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, “दवाखाना जवळ राहीन, रूथसाठी बरं.” रूथ आमची लेक, दहा महिन्यांची. मी विभागाचं बोलतोय आणि ही दवाखान्याचं!

१७ जानेवारी, सोमवार

केनवडचा दौरा आजच निघायचा होता. रूथला परवापासून ताप आहे. गोमती दारात उभी राहून म्हणाली, “दोन दिस थांबा. पोरीचं अंग तव्यावानी तापून राह्यलं.”

मी म्हटलं, केनवडच्या लोकांना निरोप गेलाय. पाळकानं शब्द मोडला तर मेंढरं कोणावर विसावणार? देवाची हाक आली तसा अब्राहाम घरदार सोडून निघाला, त्याने काय मागे वळून पाहिलं? गोमती आत वळली आणि पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. 

बैलगाडी वेशीपर्यंत गेली तेव्हा परत फिरावंसं वाटलं, हे लिहून ठेवतो. फिरलो नाही, हेही लिहितो.

२२ जानेवारी, शनिवार

परत आलो. रूथचा ताप उतरला! शुक्रवारी पहाटे उतरला म्हणे. मी गुरुवारी केनवडच्या चावडीमागे गुडघे टेकून तासभर तिच्यासाठी प्रार्थना केली होती. निबंधात हा दाखला घालावा का? पुढाऱ्याने कामाला पहिलं स्थान दिलं की घर देव सांभाळतो. छान बसेल.

गोमतीला हे सांगितलं तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि चूल फुंकायला घेतली. घरात गोजराबाई बसलेली होती. ही एकटी विधवा, मागेपुढे कोणी नाही, सुईणपण करते. तिचे तळपाय भेगाळून रक्ताळले होते. विचारलं तर म्हणाली, “चालनं झालं जरा.” तिला एरंडेल देऊन पाठवलं.

२ फेब्रुवारी, बुधवार

निबंधाची सुरुवात चौथ्यांदा बदलली. आता मोशे, इस्राएल लोकांचा पुढारी. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, अरे, असा तू झिजून जाशील. कामं वाटून दे, जाणत्यांचं ऐक. यावर दोन पानं एका बैठकीत लिहिली. पुढाऱ्याने जाणत्यांचं ऐकावं, असा मोठा ठसठशीत शेवट केला.

तेवढ्यात पुंजाजी आला. म्हणे उपासनेला पेटी वाजवता ती ठीक, पण पहिलं भजन खंजिरीवर होऊ द्या, बायांना सूर सापडतो. मी सांगितलं, मंडळीला शिस्त लावायची आहे, मधेमधे सल्ले नकोत. तो गेल्यावर पान पुन्हा वाचलं. अक्षर चांगलं आलंय.

६ फेब्रुवारी, रविवार

आज प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. गोमती गव्हाची भाकर करते, मनुका भिजवून त्यांचं पाणी प्याल्यात गाळते. शाळेच्या खोलीत तरटावर लोक समोरासमोर दोन ओळींत बसतात, थेट लग्नातल्या पंगतीसारखे. मी भाकर मोडून ताट फिरवतो.

इथली एक खोड मला पहिल्या दिवसापासून खटकते. तुकडा हातात आला की खावा ना? नाही. प्रत्येकजण हातात धरून बसतो. अगदी शेवटच्या माणसाला मिळाला की पुंजाजी विचारतो, “समद्याईले पावलं?” सगळे म्हणतात, “पावलं.” मग एकदम खातात. मिशनच्या नियमपुस्तकात असं काही नाही. आज मी स्पष्ट सांगितलं की मिळेल तसं खा. सगळ्यांनी मान हलवली, आणि सगळे थांबले.

गोमतीही थांबली. खाणारा मी एकटाच.

१२ फेब्रुवारी, शनिवार

मन थाऱ्यावर नाही. कडुनिंबापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं आहेत. आज किती फेऱ्या झाल्या ते देव जाणे.

अमरसिंग मास्तरांनी सांगितलं, गेल्या महिन्यात एका गुरुवारी ते मंगरूळपीरला गेले होते. दर्ग्याच्या पायरीवर त्यांनी गोजराबाईला पाहिलं. पदरात रेवड्या, हातात मुजावराने मंतरून दिलेला गंडा. आमच्या मंडळीतली बाई, बाप्तिस्मा घेतलेली, पाच कोस पायी जाऊन दर्ग्याला नवस करते!

तिला बोलावलं. आली. नाकबूल केलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने लगेच कबूल केलं.

“गेली होती, पाद्रीबाबा.”

“कोणासाठी?”

“एका लेकरासाठी. ताप हटून नव्हता राह्यला.”

“कोणाचं लेकरू? तुम्हाला तर ना मूल, ना नातू.”

“कोनाचंबी असो. लेकरू देवाचंच असते.”

मी विचारलं, येशूला सोडून दुसऱ्या दारी जाताना जीव कचरला नाही? ती म्हणाली, “मी येशूले सोडून काहून जाईन? त्यालेच संगं घेऊन गेली. वाटेत त्याच्याशीच बोलत होती.”

 मी नियमपुस्तक काढून वाचून दाखवलं: परक्या ठिकाणी नवस करणाऱ्याने तीन महिने प्रभुभोजनाबाहेर राहावं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने आत गोमतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “तुमाले जसं बरं वाटन तसं करा, बाबा.”

२० फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस उलटसुलट विचार केला. म्हातारी आहे, सोडून द्यावं? पण सभा महिन्यावर आलीय. मास्तरांना ठाऊक आहे म्हणजे साहेबांच्या कानावर जाणारच. तेव्हा विचारलं जाईल, सीलास जगदेवाने काय केलं? ज्याला अकरा घरं आवरत नाहीत, त्याला सोळा गावं कशी आवरतील?

आज यहोशवाच्या पुस्तकातला आखान सापडला. त्याने लुटीतलं सोनं चोरून आपल्या तंबूत पुरून ठेवलं आणि एकट्याच्या पापाने सगळ्या छावणीचा पराभव झाला. यहोशवाने एकेक कूळ, एकेक घर पुढे बोलावून शोध घेतला. पुढाऱ्याची नजर अशी हवी, तंबूच्या जमिनीखालचं दिसणारी! हे अगदी मनापासून लिहिलं.

उन्हं तापायला लागली तरी गोमती रूथला जाड झबलं घालून ठेवते. मी काढायला गेलो तर हातातून ओढून घेतलं. म्हणे थंडी बाधते. होळी तोंडावर आली आणि हिला थंडी!

५ मार्च, शनिवार

उद्या प्रभुभोजन. गोजराबाईला बाहेर बसवायचं नक्की केलं. दुपारी पुंजाजी आला, ओट्यावर बसला, बराच वेळ पागोट्याचं टोक चाळवत राहिला.

“पाद्रीबाबा, उद्या गोजराले बाहेर नका बसवू.”

“का? तिने कबूल केलंय.”

“केलं. पन तिले बाहेर बसवलं त…” तो थांबला. आत गोमतीच्या हातातून मनुकांचं भांडं पडलं.

“तर काय?”

“काई नाई. तुमी नवे हा. हे घर तुमाले अजून पुरतं दिसलं नाई.”

मंडळीला तो घर म्हणतो. मी म्हटलं, मला सगळं दिसतं, पुंजाजीबाबा, म्हणूनच करतोय. त्याने वाद घातला नाही. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, “मोशेचा सासरा एकच बार सांगून गेला होता. मीबी जातो.”

इथ्रो याला कोणी शिकवला?

६ मार्च, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

भजन झालं. मी उभा राहून गोजराबाईचं नाव घेतलं, नियम वाचला. ती उठली, पदर सारखा केला आणि उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन बसली.  मला वाटलं, निभलं. भाकर मोडली. ताट फिरलं. माझा तुकडा मी खाल्ला.

मग पुंजाजीने नेहमीचं विचारलं, “समद्याईले पावलं?”

कोणी उत्तर दिलं नाही. हातात तुकडे धरून सगळे बसून राहिले. मी म्हटलं, प्रभूने घ्या, खा असं सांगितलंय. कोणी खाईना. तांड्यावरचा सेवादास तळहातावरच्या तुकड्याकडे पाहत होता. त्याची म्हातारी आई रामीबाई दाराबाहेर पाहत होती. मी आवाज चढवला. एक पोर रडायला लागलं. घड्याळ समोर होतं. अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं किती मोठी असतात ते त्या खोलीत बसल्याशिवाय कळणार नाही.

गोमतीच्या हातातही तुकडा तसाच होता. माझ्या बायकोच्या!

शेवटी पुंजाजी उठला, ताट घेऊन सगळ्यांसमोरून गेला. एकेकाने तुकडा परत ठेवला. त्याने वर फडकं झाकलं आणि ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. प्याला फिरलाच नाही. लोक गोजराबाईला घेऊन घरी गेले.

९ मार्च, बुधवार

हे बंड आहे, आणि त्याच्यामागे पुंजाजी आहे. साहेबांना देण्यासाठी तक्रार लिहिली, तीन पानं: पुंजाजीला वडीलपणावरून काढावं. मास्तरांनी वाचून शाबासकी दिली.

निबंधात आज रहबाम घेतला. म्हाताऱ्यांचा सल्ला झिडकारून बरोबरीच्या पोरांचं ऐकणारा राजा. राज्याचे दोन तुकडे झाले. चांगला दाखला आहे, पण लिहिताना चित्त लागेना. का कोण जाणे.

१३ मार्च, रविवार

उपासनेला सगळे आले. सगळ्यांनी ‘जय ख्रिस्त’ म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. पुंजाजीने आपणहून माझ्या ओट्याचा ढासळलेला कोपरा लिंपून दिला. मी त्याच्या नावाची तक्रार पेटीत ठेवून त्याला पाणी विचारलं.

लिंपता लिंपता त्याला विचारलं, ही थांबायची रीत आणली कोणी? तो म्हणाला, “सेवादास पयल्या बारीले तांड्यावरून आला ना, त्या दिसची गोठ. आमचे लोक म्हनत, त्याच्या पंगतीले आमी खानार नाई. त्याची माय म्हने, आमी तुमच्या हातचं खानार नाई. भाकर हातात, अन् खात कोनीच नाई. मी म्हटलं, ठीक हाये, ज्याले खायाचं नाई त्याच्यासाठी समदे थांबू. दुपार कलंडली. मंग रामीबाईलेच भूक लागली,” म्हातारा हसला. “तवापासून थांबतो. एकालेबी सोडून खाल्लं त ती भाकर प्रभूची नाई, नुसती भाकर.”

 ही गोष्ट निबंधात घालण्याजोगी आहे, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

२० मार्च, रविवार

शाई वाळेपर्यंत धीर नाही. लिहितो.

आज सकाळी गोजराबाईने गोमतीला हाक मारली. गावात एक बाई अडली होती, मदतीला हात हवा होता. रूथ माझ्याजवळ राहिली. उपासनेला तास होता. पोरीने दूध ओकलं, झबलं भिजलं. मी काढलं. पिळताना काठाच्या दुमडीत काहीतरी टोचलं. बारीक टाके घालून आत शिवलेलं होतं. टाके उसवले. आत हिरव्या-लाल सुताचा गंडा.

 झबलं आणि गंडा समोर ठेवून गोमतीची वाट पाहत बसलो.

गोमती आली. मी गंडा पुढे केला. ती दाराला टेकली, पण डोळे खाली घातले नाहीत.

“मीच पाठवलं होतं तिले. मीच जानार होती. पोर अंगावर, आंगात ताप, नेनं होईना अन् टाकून जानं होईना. गोजराआत्या म्हने, तू नको जाऊ, कोनी पाहिलं त तुह्या नवऱ्याची पाद्रीपनाची खुर्ची जाईन. मले काय, माही कोनती खुर्ची हाये?”

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. रूथ भेदरून रडायला लागली.

गोमती म्हणाली, “ओरडा. त्या दिसी हे लेकरू असंच ओरडून राह्यलं होतं. तवा तुमी केनवडले होते.”

मग मी विचारलं, हे कोणाकोणाला ठाऊक आहे?

“मास्तर अन् तुमी सोडून समद्याईले.”

उपासना पुंजाजीने घेतली. मला बरं नाही असं त्याने लोकांना सांगितलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

२१ मार्च, सोमवार

सगळ्यांना ठाऊक होतं. मी उभा राहून नियम वाचत होतो तेव्हा त्या खोलीतला प्रत्येकजण जाणत होता की ती म्हातारी माझ्या पोरीसाठी गेली होती. एकानेही तोंड उघडलं नाही. तुकडे हातात धरून बसले, पण मला उघडं पाडलं नाही. नोहा नशेत तंबूत उघडा पडला होता तेव्हा त्याची दोन मुलं पाठमोरी चालत गेली आणि अंगावर वस्त्र टाकून आली. बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या निबंधात नोहाला कुठेच जागा नाही. आखानाला मात्र अडीच पानं दिलीत. आणि पुरलेलं निघालं कुठे? माझ्याच तंबूत.

लाज वाटते. इतकी की रस्त्याने जाताना खाली पाहून चालतो.

२४ मार्च, गुरुवार

गोजराबाईकडे गेलो. अंगणात तूर पाखडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “गोमतीनं सांगतलं. तुमी साहेबाले काई बोलू नका.”

“बोलावंच लागेल. तुम्हाला मी उन्हात बसवलं.”

“उन्हानं मी मेली काय? सारी उमर उन्हातच गेली. तुमी बोलसान त साहेब तुमची बदली करन. मंग रूथ मले कोठी दिसन?” तिने सूप खाली ठेवलं. “मले कोनी नाई, बाबा. ती पोरगी मले पाहून हासते.”

पावलं मोजत घरी आलो. शास्त्र म्हणतं, ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार? हे वाक्य मी निबंधाच्या चौथ्या पानावर लाल शाईने लिहिलंय. बोललो तर विभाग गेला. कदाचित हे गावही गेलं आणि गोजराबाईची रूथही. न बोललो तर एप्रिलमध्ये पुन्हा तिला बाहेर बसवू? की गुपचूप आत घेऊ आणि साहेबांना तिसरंच काही सांगू? विचार करून करून डोकं बधिर झालंय. जेवण जात नाही. गोमतीने आज ताट पुढे सरकवलं आणि स्वतः समोर बसून राहिली. मी घास घेतल्यावर तिने घेतला. हीसुद्धा तशीच थांबते, हे आजवर मी पाहिलंच नव्हतं.

२९ मार्च, मंगळवार. वाशीम

निबंध वाचला. पूर्ण वाचला. एक शब्द वगळला नाही.

शेवटी एली होता, देवळाच्या दाराशी बसलेला म्हातारा याजक, ज्याला स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिथे माझा आवाज फुटला, क्षणभर पुढे वाचवेना. लोकांना वाटलं, वक्तृत्व! एक जण डोळे पुसत होता. टाळ्या झाल्या. हार्पर साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “विभाग कोणाच्या हाती द्यायचा, याचा आता मला प्रश्न उरला नाही.”

मी म्हणालो, “आभारी आहे.”

असा मी. पुंजाजीची तक्रार खिशात होती, ती दिली नाही. दिवसभरात एवढंच एक बरं काम माझ्या हातून झालं, आणि तेही काही न केल्याने.

३० मार्च, बुधवार. वाशीम

सकाळी साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मला बसायला सांगितलं. मी उभा राहिलो, बसलो असतो तर पुन्हा आभार मानले असते. सगळं सांगितलं: ताप, दौरा, दर्गा, गंडा, उंबरा, अकरा मिनिटं. साहेबांचा चहा गार झाला.

ते म्हणाले, “सीलास, हे काल सांगितलं असतंस तर मी काल तरी तो शब्द दिला नसता.”

“म्हणूनच काल सांगितलं नाही, साहेब.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर सोपं झालं असतं. विभाग आता दुसऱ्याला जाईल. ईस्टरनंतर साहेब शेलूबाजारला येतील आणि पुढचं ठरवतील. मी म्हटलं, येत्या रविवारी मी गोजराबाईला आत घेणार आहे, नियमात बसो न बसो. साहेबांनी गार चहा बाजूला सरकवला.

“आणि तू? तुझी बायको?”

“तिला जो नियम लावला तोच आम्हाला.”

“मग भाकर तू मोड. पण मी येईपर्यंत तुम्ही दोघांनी ती घ्यायची नाही.”

मी हो म्हटलं. न्याय आहे. परतीच्या गाडीत तक्रारीचे तुकडे करून वाटेतल्या नाल्यात टाकले. कित्येक दिवसांनी झोप लागली, तीही हिसके देणाऱ्या बैलगाडीत.

३ एप्रिल, रविवार. शेलूबाजार

पहिलं भजन खंजिरीवर झालं. बायांना खरंच सूर सापडतो.

मग उभा राहिलो आणि बोललो. निबंधातलं एक वाक्य कामाला आलं नाही. म्हटलं, गोजराबाई माझ्या लेकीसाठी गेली होती. तुम्हाला हे ठाऊक होतं, मला नव्हतं; मी दौऱ्यावर होतो, आणि घरी होतो तेव्हाही दौऱ्यावरच होतो. मी तिची क्षमा मागतो, पुंजाजीबाबांची मागतो, तुम्हा सगळ्यांची मागतो. साहेबांनी आम्हा दोघांना आज भाकर घेऊ नये असं सांगितलंय. ते बरोबर आहे.

अमरसिंग मास्तरांनी मान खाली घातली. गोजराबाई कपाळाला हात लावून पुटपुटली, “सांगतलं न तुमाले, बोलू नका म्हनून.”

मी भाकर मोडली, ताट पुंजाजीच्या हाती दिलं आणि जाऊन उंबऱ्याशी बसलो. गोमती रूथला झोळीत घेऊन आधीच तिथे बसली होती. ऊन पाठीवर येत होतं. ताट दोन्ही ओळींतून फिरलं. आमच्यापाशी आलं तेव्हा मी मान हलवली. पुंजाजी पुढे गेला, ताट ठेवलं, आपल्या जागी बसला.

“समद्याईले पावलं?”

कोणी बोलेना.

मला कळायला क्षणभर लागला. मग मी घाईने म्हटलं, “खा, सुरू करा. आमच्यासाठी थांबू नका, आम्हाला मनाई आहे.”

सेवादास तुकडा धरून बसला होता. रामीबाई माझ्याकडे पाहत होती. घड्याळाकडे आज मी पाहिलं नाही.

“अहो, साहेबांचा हुकूम आहे,” मी पुन्हा म्हटलं. 

गोजराबाई जागेवरूनच म्हणाली, “साहेबाचा हुकूम साहेब आल्यावर पाहू. पाद्रीबाबाले वाढलं नाई अजून. गोमतीले वाढलं नाई.”

“थांबतो मंग,” पुंजाजी म्हणाला आणि मांडी नीट घालून बसला. त्याची दुपार कलंडेपर्यंत बसायची तयारी दिसत होती.

साहेबांना दिलेला शब्द एकीकडे आणि हे सगळे लोक एकीकडे. रूथने झोळीतून हात बाहेर काढला आणि गोजराबाईकडे पाहून हसली. म्हातारी उठली. तिने आपल्या तुकड्याचे तीन भाग केले, उंबऱ्यापाशी आली, एक गोमतीच्या हातात ठेवला, एक माझ्या.

मी तो हातात धरला. साहेबांना पत्र उद्या लिहीन, जे झालं ते तसंच लिहीन.

पुंजाजीने पुन्हा विचारलं, “समद्याईले पावलं?”

सगळ्यांत शेवटी मी म्हणालो, “पावलं.”

भाकर एका बाजूने जरा करपली होती. आम्ही सगळ्यांनी एकदम खाल्ली.